मधुमेह आणि त्वचा : भरून न येणाऱ्या जखमेचे शास्त्र

रुग्णालयाच्या लेखा विभागात बिलासंबंधी विचारणा करण्यास येणाऱ्या नातेवाइकांचा एक प्रश्न वर्षानुवर्षे कायम आहे. चपलेचा अंगठा पायाला चावला, बोराएवढी जखम झाली, आणि तेवढ्यासाठी तीन-तीन आठवडे रुग्णालयात राहावे लागले, हे कसे? शेजारच्या खाटेवरील रुग्णाचे पोटाचे ऑपरेशन होऊन तो आठवड्यात घरी गेला. आमच्या वडिलांची एवढीशी जखम मात्र भरत नाही, तेव्हा उपचारांत कोठे कसूर तर होत नाही ना? विचारणाऱ्याचा रोष समजण्यासारखा असतो. त्याचे उत्तर मात्र बिलाच्या कागदावर सापडत नाही. ते त्वचेच्या आत, पेशी आणि प्रथिने यांच्या पातळीवर, जखम होण्यापूर्वीच्या दहा-पंधरा वर्षांत लिहिले गेलेले असते.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. वैद्यकाचे शिक्षण मी घेतलेले नाही. रुग्णालयाच्या प्रशासनात काम करीत असताना डॉक्टरांकडून समजावून घेतलेले व वाचनाने पडताळून पाहिलेले हे विवेचन आहे. विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे कुटुंबीय हेही बहुतांशी वैद्यकाच्या बाहेरचेच असल्याने ते त्यांना उपयुक्त वाटावे, अशी अपेक्षा आहे.

मधुमेह आणि त्वचा यांचा संबंध आपल्याकडे फार पूर्वीपासून ज्ञात होता. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत प्रमेहाच्या वर्णनाबरोबर ‘प्रमेहपिडका’ या नावाने त्वचेवर उठणाऱ्या गळवांचे स्वतंत्र वर्णन येते. चरकसंहितेत त्यांचे सात प्रकार सांगितले आहेत, सुश्रुतसंहितेत दहा. पाठीवर काळपुळी उठली की रक्तातील साखर तपासून घ्यावी, हे आजही कोणताही अनुभवी डॉक्टर सांगतो. प्राचीन वैद्यांनी जे डोळ्यांनी पाहिले, त्याची आतील कारणे गेल्या शतकात एकेक करून उलगडत गेली.

त्वचेची घडण

त्वचेचे मुख्यतः दोन थर मानले जातात. वरचा पातळ थर केराटिनोसाइट नावाच्या पेशींचा असतो. या पेशी तळाशी जन्म घेतात, वर सरकतात, सपाट होत जातात आणि शेवटी कोंड्याच्या रूपाने गळून पडतात. हा सारा प्रवास साधारण चार ते सहा आठवड्यांचा असतो. म्हणजे आपली वरची त्वचा वर्षातून अनेक वेळा नवी होते.

खालच्या जाड थराची गोष्ट निराळी आहे. रक्तवाहिन्या, मज्जातंतूंची टोके, घामाच्या ग्रंथी व केसांची मुळे या थरात असतात. पण पाण्याचा अंश वगळला तर त्याच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कोलॅजेन या एकाच प्रथिनाचा असतो. तीन धागे एकमेकांभोवती पिळून सुतळी वळावी, अशा सुतळ्यांचे जुडगे व्हावेत आणि ते जुडगे जागोजागी एकमेकांना टाचलेले असावेत, तशी कोलॅजेनची रचना असते. त्वचेला बळकटी येते ती या टाक्यांमुळे. निरोगी शरीरात हे टाके विकरे, म्हणजेच एन्झाइम, घालतात. ठरलेल्या जागी व ठरलेल्या संख्येत. फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी हे कोलॅजेन विणतात, आणि जुने झालेले कापून काढण्यासाठी लागणारी विकरेही त्याच पेशी तयार करतात.

साखर प्रथिनांना कशी चिकटते

दूध आटवून बासुंदी करताना तिला जो बदामी रंग चढतो, तो दुधातील साखर व दुधातील प्रथिने यांचा उष्णतेत संयोग झाल्याने येतो. पावाच्या कवचाचा तपकिरी रंगही याच क्रियेचा. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. पुढे कित्येक दशके तिचा विचार प्रामुख्याने अन्नपदार्थांच्या संदर्भात होत राहिला.

हीच क्रिया आपल्या शरीरातही चालते. शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास असल्याने ती अतिशय संथ असते, तथापि ती थांबत नाही. ग्लुकोजच्या रेणूचे एक टोक प्रथिनातील लायसिन या घटकाला जाऊन चिकटते. यासाठी कोणत्याही विकराची गरज लागत नाही. रक्तात साखर जितकी अधिक आणि जितका काळ अधिक, तितके चिकटणे अधिक. प्रथम जडलेला बंध सैल असतो आणि रक्तातील साखर उतरली तर तो काही तासांत सुटतो. न सुटलेले बंध पुढील काही आठवड्यांत आपली रचना बदलून पक्के होतात. त्यांतील काहींची पुढील महिन्या-वर्षांत मोडतोड आणि ऑक्सिडीकरण होऊन जी अंतिम द्रव्ये तयार होतात, त्यांना शास्त्रीय परिभाषेत ‘एजीई’ म्हणतात. त्यांचे पुन्हा साधे प्रथिन होत नाही.

या क्रियेच्या पहिल्या टप्प्यांचा उपयोग आपण सर्वजण करतो. इराणी शास्त्रज्ञ सॅम्युएल राहबर यांना १९६८ मध्ये तेहरान येथे मधुमेही रुग्णांच्या हिमोग्लोबिनमध्ये एक वेगळा अंश आढळला. ते साखर चिकटलेले हिमोग्लोबिन होते. आज प्रत्येक मधुमेही रुग्णाच्या फाइलमध्ये ‘एचबीएवनसी’ नावाचा जो अहवाल लावलेला असतो, त्याचे मूळ त्या निरीक्षणात आहे. तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्याने या तपासणीवरून मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी कळते. आम्हां हिशेबवाल्यांच्या भाषेत तो तिमाही ताळेबंद होय. पेशी मरते, नवी येते, खाते नव्याने सुरू होते.

त्वचेतील कोलॅजेनला ही सवलत नाही. २००० साली नेदरलँड्समधील संशोधकांनी मानवी त्वचेतील कोलॅजेनचे अर्धायुष्य मोजले, ते सुमारे १५ वर्षे निघाले. सांध्यातील कूर्चेच्या कोलॅजेनचे तर ११७ वर्षे. अर्थात आज आपल्या त्वचेत असलेल्या कोलॅजेनपैकी जवळजवळ निम्मे पंधरा वर्षांनंतरही तेथेच असणार. या काळातील प्रत्येक चढलेल्या साखरेची नोंद त्याच्यावर होत राहते आणि ‘मागील पानावरून पुढे’ अशी शिल्लक ओढली जाते. मधुमेह नसलेल्या माणसाच्या कोलॅजेनवरही वयोमानाप्रमाणे ही द्रव्ये साठतात. मधुमेहात ती वयाच्या मानाने लवकर आणि अधिक प्रमाणात साठतात.

केवळ तर्काने हे मानण्याची गरज नाही. अमेरिका व कॅनडा येथील २९ केंद्रांत १९८३ ते १९९३ या काळात १,४४१ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. हे सर्व रुग्ण पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे होते. निम्म्या रुग्णांची साखर काटेकोर नियंत्रणात ठेवण्यात आली, उरलेल्यांना त्या काळचे प्रचलित उपचार मिळाले. त्यांपैकी दोनशेहून अधिक जणांच्या त्वचेचा लहानसा तुकडा काढून तपासण्यात आला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार काटेकोर नियंत्रण ठेवणाऱ्यांच्या कोलॅजेनमध्ये चिकटलेली साखर व तिच्यापासून बनलेली द्रव्ये स्पष्टपणे कमी होती. २००५ च्या निष्कर्षाचे महत्त्व मला अधिक वाटते. अभ्यास संपल्यानंतरच्या दहा वर्षांत कोणाचे डोळे व मूत्रपिंडे अधिक बिघडली, याचा अंदाज त्या त्वचेच्या तुकड्यांवरून बांधता आला. आणि हा संबंध एचबीएवनसीचे आकडे हिशेबात धरूनही टिकून राहिला.

म्हणूनच डॉक्टर जेव्हा एखाद्या चाळिशीच्या रुग्णाला, ज्याला अद्याप कोणताही त्रास नाही, साखर आवरण्याचा आग्रह करतात, तेव्हा ते आजच्या साखरेबद्दल बोलत असतात त्याहून अधिक त्याच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या त्वचेबद्दल, डोळ्यांबद्दल आणि मूत्रपिंडांबद्दल बोलत असतात. ‘मला काहीच होत नाही’ हे रुग्णाचे म्हणणे त्या दिवसापुरते खरे असते.

प्रथिन बदलले की पेशी बदलते

कोलॅजेनला साखर चिकटल्याने तीन गोष्टी घडतात.

पहिली, विकरांनी घातलेल्या नेमक्या टाक्यांखेरीज नको त्या ठिकाणी नवे टाके पडतात. ग्लुकोसेपेन नावाचा असा एक टाका मानवी त्वचेत सर्वांत अधिक आढळतो. त्यामुळे कोलॅजेन ताठर होते. त्याची एक सोपी खूण घरच्या घरी पाहता येते. नमस्कारासाठी हात जोडावेत आणि दोन्ही तळवे व बोटे पूर्णपणे एकमेकांस टेकवून पाहावीत. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या काही रुग्णांची बोटे सांध्यांपाशी टेकत नाहीत, मध्ये फट राहते, आणि हाताच्या पाठीवरील त्वचा जाड व मेणासारखी भासते. मधुमेही मुलांमधील हा प्रकार १९७४ मध्ये अमेरिकेत प्रथम नोंदविला गेला. बोटांची कारणे इतरही असू शकतात, त्यामुळे फट दिसली म्हणून घाबरून जाऊ नये. डॉक्टरांना मात्र दाखवावी. काही रुग्णांच्या मानेची व पाठीच्या वरच्या भागाची त्वचा जाड, कठीण होते, तीही याच जातीची.

दुसरी गोष्ट पेशींच्या पकडीची. पेशी कोलॅजेनवर नुसत्या पडून नसतात. ठरावीक जागी त्या त्याला धरून असतात. या जागांत आर्जिनिन नावाचा घटक असतो. शरीरात ग्लुकोजच्या विघटनातून मिथाइलग्लायऑक्झल हे एक अत्यंत चपळ द्रव्य निर्माण होते. ते ग्लुकोजपेक्षा हजारो पटींनी वेगाने प्रथिनांशी संयोग पावते आणि नेमके आर्जिनिनवर जाऊन बसते. मग पेशीला धरावयास जागा उरत नाही. पकड सुटलेली पेशी नीट सरकू शकत नाही, नीट विणू शकत नाही, आणि काही पेशी तर निराधार होऊन मरतात. जखम भरून येण्यासाठी पेशींना सरकावेच लागते, हे लक्षात घेतले म्हणजे या बिघाडाचे गांभीर्य ध्यानात येते.

तिसरी गोष्ट म्हणजे पेशींच्या पृष्ठभागावर या साखरमिश्रित द्रव्यांना ओळखणारा एक ग्राहक असतो. १९९२ मध्ये त्याची रचना उलगडली. ही द्रव्ये त्या ग्राहकाला चिकटली की पेशीच्या आत दाहाची सूचना जाते. दाह हा शरीराचा बचाव असतो. पण तो वर्षानुवर्षे मंदपणे धुमसत राहिला तर त्या भागातील ऊती झिजत जातात.

येथे एका वेगळ्या खुणेचा उल्लेख करणे आवश्यक आहे, कारण तिच्याबद्दल घराघरांत गैरसमज आहे. मानेवर, काखेत काळसर, मखमली पट्टा दिसतो. आई मुलाची मान साबणाने व दगडाने घासून काढते. तो मळ नव्हे. शरीर इन्शुलिनला दाद देईनासे झाले की स्वादुपिंड अधिकाधिक इन्शुलिन सोडते, आणि हे वाढलेले इन्शुलिन त्वचेच्या पेशींवरील वाढीच्या ग्राहकांना चेतवून त्यांची संख्या वाढवते. मधुमेह प्रकट होण्यापूर्वी कित्येक वर्षे ही खूण दिसू शकते. घासल्याने ती जात नाही; वजन उतरल्यास फिकी होते. असे मूल आढळल्यास साखर तपासून घ्यावी.

जखम कशी भरते आणि कोठे अडते

निरोगी माणसाला जखम झाली की पहिल्या काही मिनिटांत रक्त गोठते. काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येऊन जंतूंचा फडशा पाडतात. एक-दोन दिवसांनी महाभक्षी पेशी येतात. त्या प्रथम लढतात, नंतर आपले वर्तन बदलून दुरुस्तीच्या सूचना देऊ लागतात. या सूचनांनुसार नव्या केशवाहिन्या फुटतात, फायब्रोब्लास्ट नवे कोलॅजेन विणतात, आणि जखमेच्या कडेच्या केराटिनोसाइट पेशी आत सरकत सरकत वरून पांघरूण घालतात. एका गटाचे काम संपल्याशिवाय दुसऱ्याचे नीट सुरू होत नाही.

मधुमेही जखमेत ही साखळी बहुधा दाहाच्या टप्प्यातच अडकते. न्यूट्रोफिल पेशी जंतूंना अडकविण्यासाठी स्वतःच्या केंद्रकातील धागे बाहेर फेकून जाळे पसरतात. बोस्टन येथील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की मधुमेहात या पेशी असे जाळे फेकण्यास आधीच उतावीळ झालेल्या असतात, आणि त्या जाळ्यांमुळेच जखम भरण्यास अडथळा येतो. महाभक्षी पेशी लढण्याच्या अवस्थेतून दुरुस्तीच्या अवस्थेत जाण्यास विलंब लावतात. या दोन्हींमुळे कोलॅजेन कापणारी विकरे जखमेत प्रमाणाबाहेर साचतात. फायब्रोब्लास्ट नवे धागे विणतात आणि विकरे ते कापून टाकतात, असा उलटसुलट प्रकार आठवडेच्या आठवडे चालतो. रोज ड्रेसिंग होत असूनही जखम ‘तशीच’ दिसते, त्याचे हे एक मोठे कारण होय.

तथापि ही विकरे सरसकट वाईट आहेत असे म्हणता येणार नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मधुमेही पायांच्या जखमांतील पेशी एकेक करून तपासण्यात आल्या. ज्यांच्या जखमा पुढे भरल्या, त्यांच्यात फायब्रोब्लास्टचा एक विशिष्ट गट अधिक आढळला, आणि तो गट यांपैकीच काही विकरे तयार करीत होता. जुने, खराब झालेले कोलॅजेन काढल्याखेरीज नवे बसणार कसे? कोणते विकर, कोठे आणि केव्हा, हा खरा प्रश्न आहे. म्हणूनच ‘विकरे रोखणारे औषध’ असा सोपा उपाय अद्याप हाती आलेला नाही.

नव्या केशवाहिन्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. प्राणवायू कमी पडला की पेशीत एक प्रथिन साठू लागते व ते ‘नव्या वाहिन्या फुटू द्या’ अशी आज्ञा देते. पेशी प्राणवायूची पातळी कशी ओळखते, या शोधासाठी २०१९ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक तीन शास्त्रज्ञांना मिळाले. साखर चढलेली असताना हे प्रथिन टिकत नाही आणि त्याचे काम नीट होत नाही, असे प्राण्यांवरील प्रयोगांत २००८-०९ च्या सुमारास दिसून आले. त्यामुळे जखमेला रक्त कमी पडत असूनही नव्या वाहिन्यांची मागणीच पुरेशी नोंदविली जात नाही. त्यातच पायाच्या मोठ्या रोहिण्या आधीच अरुंद झालेल्या असतील आणि रुग्णाला तंबाखूचे व्यसन असेल, तर अडचण दुणावते.

कडेच्या केराटिनोसाइट पेशींचे वर्तनही चमत्कारिक असते. त्या संख्येने वाढतात, परंतु पुढे सरकत नाहीत. त्यामुळे जखमेभोवती जाड, पांढुरका कठडा तयार होतो. शल्यचिकित्सक जेव्हा हा कठडा आणि तळाचा मृत भाग कापून काढतात, तेव्हा ‘जखम लहान होती, डॉक्टरांनी मोठी केली’ अशी तक्रार माझ्यापर्यंत येते. कडेच्या या पेशी निकामी झाल्या आहेत. त्या काढल्यावर मागील कामकऱ्या पेशींना वाट मिळते. जखम मोठी दिसते ती या कारणाने.

संवेदना हरपलेली त्वचा

आतापर्यंत जखम भरण्याचा विचार केला. परंतु ती होतेच का, हा प्रश्न खर्चाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे.

साखरेचा घाव मज्जातंतूंवरही पडतो; प्रथम सर्वांत लांबच्या तंतूंवर, म्हणजे पायांच्या बोटांकडे जाणाऱ्या. घामाच्या ग्रंथींचे तंतू निकामी झाले की तळव्याला घाम येत नाही. त्वचा कोरडी पडते, टाचांना भेगा पडतात आणि भेगांतून जंतू शिरतात. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, त्याही अशा पायाला पुरेशा असतात. वेदनेचे तंतू गेले की मग काहीच कळत नाही. खडा टोचतो, खिळा घुसतो, गरम पाण्याच्या शेकाने कातडी भाजते, रात्री उंदीर कुरतडतो, आणि सकाळी चादरीवर रक्ताचा डाग पाहून घरच्यांना समजते.

या विषयाचा एक धागा कुष्ठरोगाशी जोडलेला आहे. तामिळनाडूच्या डोंगराळ भागात १९१४ साली मिशनरी कुटुंबात जन्मलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड हे १९४६ मध्ये वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये रुजू झाले. कुष्ठरुग्णांची बोटे मांस सडून झडतात, अशी त्या काळी सार्वत्रिक समजूत होती. ब्रँड यांनी दाखवून दिले की बहुतेक हानी संवेदना गेल्यामुळे, न कळत झालेल्या इजांमुळे होते. आणि बधिर पायाला योग्य पादत्राण दिल्यास जखमा टळतात. सूक्ष्म छिद्रे असलेल्या मऊ रबराच्या चपला, ज्यांना आपण एमसीआर चपला म्हणतो, त्या वेल्लोरच्या या कामातून पुढे आल्या. १९६६ मध्ये ते अमेरिकेतील लुइझियाना राज्यात कारव्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तेथे मधुमेही रुग्णांचे पाय पाहताना त्यांना वेल्लोरचेच पाय दिसले. भारतातील कुष्ठरुग्णांच्या सेवेतून आलेले ज्ञान अशा रीतीने जगभरच्या मधुमेही पायांच्या उपचारांत रुजले. आपल्या देशातील धर्मादाय संस्थांनी याचा अभिमान बाळगण्यास हरकत नाही. परंतु त्या ज्ञानाचा वापर आपल्याच बाह्यरुग्ण विभागात किती होतो, हेही तपासावयास हवे.

कारव्हिल येथेच १९८०च्या दशकात नायलॉनच्या एका धाग्याची परीक्षा निश्चित झाली. हा धागा १० ग्रॅम जोर पडला की वाकतो. रुग्णाला डोळे मिटावयास सांगून तो तळव्याच्या ठरावीक जागी टेकवितात. धागा वाकला तरी स्पर्श कळला नाही, तर त्या पायाचे संरक्षक कवच गेले असे समजावे. या परीक्षेला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, आणि प्रशिक्षित परिचारिका ती करू शकते.

उपाय आणि खर्च

औषधांच्या बाजूने बरेच प्रयत्न झाले. साखर व प्रथिने यांचा संयोग रोखणारे एक औषध अमेरिकेत मूत्रपिंडाच्या रुग्णांवर तपासले गेले. परंतु दुष्परिणाम व अपुरा लाभ यांमुळे ते वापरात आले नाही. पडलेले टाके तोडण्याच्या आशेने दुसरे एक औषध पुढे आले. त्याच्या चाचण्या कंपनीकडे पैसा न उरल्याने २००९ मध्ये थांबल्या. ग्लुकोसेपेन हा टाका प्रयोगशाळेत प्रथम बनविता आला तो २०१५ मध्ये, येल विद्यापीठात. तो तोडणारे विकर शोधण्याचे काम त्यानंतर सुरू झाले. वाढीच्या एका प्रथिनाचे मलम १९९७ पासून उपलब्ध आहे, पण रक्तपुरवठा ठीक असलेल्या निवडक जखमांनाच त्याचा उपयोग होतो आणि ते महाग आहे. त्वचेवर प्रकाश टाकून साठलेली द्रव्ये मोजणारे यंत्रही निघाले आहे. सावळ्या त्वचेवर त्याचे मापन तितकेसे विश्वासार्ह ठरत नाही, आणि आपले बहुसंख्य रुग्ण सावळेच आहेत. बाजारात ‘त्वचेतील साखर काढणारी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मलमांवर व कॅप्सूलांवर रुग्णांच्या कुटुंबीयांनी पैसे घालवू नयेत, एवढेच मी प्रशासक या नात्याने सांगू शकतो.

ज्याचा उपयोग सिद्ध झाला आहे, ते दिसावयास अगदी साधे आहे. साखर आवरणे, तंबाखू सोडणे, जखमेवरील दाब काढण्यासाठी विशेष पादत्राण किंवा प्लास्टर वापरणे, मृत भाग वेळोवेळी काढणे, जंतुसंसर्ग वेळीच ओळखणे, रक्तपुरवठा तपासून गरज पडल्यास तो सुधारणे. एकदा जखम भरली म्हणून काम संपत नाही. भरलेल्या जखमांपैकी सुमारे ४० टक्के वर्षभरात पुन्हा उद्भवतात, असे २०१७ मधील एका विस्तृत आढाव्यात नमूद आहे. वर सांगितलेले जुने कोलॅजेन, बधिर तळवा आणि अरुंद रोहिण्या जागच्या जागीच असतात, हे पाहता त्यात आश्चर्य नाही.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत देशात १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज देण्यात आला. राज्यांत सर्वाधिक प्रमाण गोव्याचे, २६.४ टक्के, आढळले. आपल्या दारी येणारा ओघ कमी होण्याची चिन्हे नाहीत.

या पार्श्वभूमीवर देणगीदारांपुढे एक गोष्ट स्पष्टपणे मांडणे मला कर्तव्य वाटते. यंत्रासाठी देणगी मिळविणे आम्हांस तुलनेने सोपे जाते. यंत्रावर नावाची पाटी लावता येते, उद्घाटन करता येते, अहवालात छायाचित्र छापता येते. एमसीआर चपलांचे जोड, ड्रेसिंगचे साहित्य, पायाची तपासणी करणाऱ्या परिचारिकेचे वेतन यांवर पाटी लागत नाही. परंतु पाय कापावा लागलेल्या एका रुग्णाचे ऑपरेशन, त्यानंतरचे वास्तव्य, कृत्रिम पाय आणि बुडालेली मजुरी यांची बेरीज मांडली, तर त्या रकमेत किती जणांच्या पायांची वर्षभर देखभाल होईल, हे सांगण्यासाठी वाणिज्य पदवीचीही आवश्यकता नाही. विश्वस्त मंडळाने पादसंरक्षणासाठी स्वतंत्र निधी ठेवावा आणि तो इतर शीर्षकांखाली वळवू नये, अशी माझी शिफारस आहे.

कुटुंबीयांसाठी थोडे. रुग्णाचे तळवे रोज संध्याकाळी उजेडात पाहावेत. त्यांना स्वतःस वाकता येत नसल्यास घरातील कोणी पाहावेत. पाण्याचा शेक देऊ नये. अंघोळीचे पाणी पायाने नव्हे, दुसऱ्याच्या हाताच्या कोपराने तपासावे. घट्टे व कुरुपे घरी ब्लेडने कापू नयेत, जखमेवर चुना अथवा तंबाखू भरू नये. टाचांना खोबरेल तेल लावावे, बोटांच्या बेचक्यांत मात्र लावू नये. नवरात्रात अनवाणी राहण्याचे व्रत, पायी वारी, उन्हात तापलेल्या फरशीवरून प्रदक्षिणा यांबाबत घरातील वडीलधाऱ्यांशी बोलणे अवघड असते, याची जाणीव आहे. ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे, त्यांच्यापुरते तरी ते बोलावे. गरज वाटल्यास आमच्या डॉक्टरांकडून बोलवून घ्यावे; त्यांचे म्हणणे मुलांच्या म्हणण्यापेक्षा लवकर पटते, असा अनुभव आहे.

धाग्याची परीक्षा मधुमेही रुग्णाने वर्षातून निदान एकदा करून घ्यावी. तीस काही मिनिटेच लागतात. येताना रुग्णाने रोजच्या वापरातील जुन्या चपला घालून यावे, नव्या नकोत; तळ कोठे झिजला आहे यावरून दाब कोठे पडतो ते समजते, आणि एमसीआर चपलेचे माप त्यानुसार घेता येते.